मागून घ्यायचा डाग

माझ्या डाव्या कानशिलावर, भुवई संपते तिथून बोटभर मागे, चवलीएवढा डाग आहे. नवीन माणूस तो पाहतो आणि विचारतो, लहानपणी चुलीवर पडलात का. मी हो म्हणून मोकळी होते. खरं सांगायला बसलं की मला अजून संताप येतो, आणि संताप आला की त्या डागाजवळची शीर उडायला लागते. म्हणून इतकी वर्षं टाळत आले. आता या वयात शिरेला काय भ्यायचं.

मला अर्धशिशी होती. आधी डोळ्यांसमोर नागमोडी काहीतरी चकाकायचं, समोरच्या माणसाचं अर्धंच तोंड दिसायचं, आणि मग डावा डोळा आतून कोणी उपसून काढतंय असं दुखणं सुरू व्हायचं. ओकाऱ्या व्हायच्या. उजेड नको, आवाज नको, माणूस नको. मोहफुलं वेचून अंगणात वाळत घातली की त्या वासानं हमखास उठायची, आणि आमच्या भागात मोहफुलं वाळत नाहीत असं अंगण दाखवा. गावातल्या जाणत्या माणसांचं म्हणणं असं की अर्धशिशी सूर्याबरोबर चढते आणि सूर्याबरोबर उतरते. माझी अर्धशिशी सूर्याला विचारून वागत नव्हती. ती संध्याकाळी चढायची आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळही घेऊन जायची. तसं सांगितलं तर लोक म्हणायचे, मग ती अर्धशिशी नव्हेच, सोंग आहे.

लग्न होऊन मी सिंदेवाहीजवळच्या गावी आले तेव्हा आमचा जिल्हा चांदा होता आणि गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील. सासरी धानाची शेती, माणसं तीनच: सासू, नवरा आणि मी. सासू वाईट नव्हती, हे आधीच सांगते, कारण सासूची गोष्ट म्हटली की लोक छळ ऐकायला सरसावून बसतात. लवकर विधवा झालेली, एकटीनं बांध्या, म्हणजे धानाची शेतं, राखलेल्या, कामाला वाघीण. तिला एकच वेड होतं, जपून ठेवण्याचं. चांगलं बियाणं जपून, तूप जपून, बिब्बे जपून, नवं लुगडं जपून. घरात आलेली चांगली वस्तू लगेच वापरली की तिच्या जिवाला घोर लागायचा.

दुखणं फारच वाढलं तेव्हा नवरा मला सिंदेवाहीच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं नागपूरकडचे एक डॉक्टर नवीन आले होते. मी बाकावर बसले, नवरा टेबलापाशी उभा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतं. नवरा म्हणाला, लग्नापासून. दुखणं मला न्हाण आलं त्या सालापासूनचं होतं, पण त्याच्या हिशेबी माझं डोकं त्याच्या मांडवातच उगवलं असावं. मी पदराआडून खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं आणि पुढचा प्रश्न पुन्हा नवऱ्यालाच विचारला.

मग त्यांनी गोळ्या दिल्या. बारीक, पांढऱ्या, एका पत्र्याच्या डबीत. त्यांनी नवऱ्याला नीट समजावून सांगितलं, तेवढं मान्य करायला हवं. या गोळ्या दुखणं थांबवायच्या नाहीत, दुखणं येऊच नये म्हणून आहेत. रोज झोपताना एक, दुखो की न दुखो. एकाच्या वर कधीही नाही. सुरुवातीला सुस्ती येईल. गुण दिसायला वेळ लागेल, मध्येच सोडायच्या नाहीत. दिवस गेले तर लगेच येऊन सांगायचं. हे सगळं माझ्या डोक्याविषयी, माझ्या झोपेविषयी, माझ्या पोटाविषयी चाललं होतं आणि मी दोन हात अंतरावर बसले होते. डॉक्टरांनी मान तेवढी वळवायची होती. नवरा हो हो करत राहिला.

घरी आल्यावर त्यानं ते सगळं आईला एका वाक्यात सांगितलं, की डोकं दुखू नये म्हणून गोळ्या आहेत, आणि डबी तिच्या हातात देऊन तो बांधीवर निघून गेला. सासूनं डबी उघडली, हुंगली, आणि बियाण्याच्या मडक्यामागं ठेवून दिली. घरातली मोलाची वस्तू तिथंच असायची. रात्री मी गोळी मागितली.

"आज दुखून राह्यलं का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मंग काऊन खातं? आज खाशीन तं दुखन त्या दिवशी काय खाशीन?"

मी सांगितलं, डॉक्टर रोज घ्यायला सांगत होते. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो भाकर मोडत म्हणाला, दुखू नये म्हणून आहेत एवढं त्यानं ऐकलं, बाकीचं त्याच्या ध्यानात नाही. बस. तिथं विषय मिटला. डॉक्टरचं बोलणं ज्याला सांगितलं त्याच्या ध्यानात नाही, आणि जिच्या ध्यानात आहे तिला ते सांगितलंच नव्हतं, त्यामुळं तिच्या ऐकण्याला किंमत नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण नवी सून लाही झाली तरी चुलीपुढंच बसते.

तिच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडं रोज औषध खाणारं माणूस म्हणजे आजारी माणूस, आणि आजारी माणूस कामातून उठलेलं. सून गोळ्या खाते हे बाहेर कळलं असतं तर रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जमणाऱ्या बायांमध्ये आमचं घर कमी धरलं गेलं असतं. तेव्हा दुखेल त्या दिवशी ती मला एक गोळी द्यायची. गरम पाण्यासोबत, पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेनं. दुखणं ऐन भरात आलेलं असायचं, त्या गोळीचा तेव्हा काही उपयोग नव्हता, मी ती बहुतेक वेळा ओकून टाकायची. त्यावरून घरात ठरलं की गोळीत दम नाही.

मग रोवणा आला. आमच्याकडं धानाचा रोवणा एकट्या घरानं होत नाही. आज सगळ्या बाया तुमच्या बांधीत, उद्या सगळ्या आमच्या बांधीत. ज्या घरची बाई दुसऱ्याच्या बांधीत उतरली नाही, त्या घरच्या बांधीत कोणी उतरत नाही, आणि धानाची रोपं, आमचे पऱ्हे, पिवळे पडत जातात. दिवसभर कमरेत वाकून, डोकं खाली, पाय पोटरीपर्यंत चिखलात, मागं मागं सरकत जायचं. वरून ऊन, खालून पाण्यावर पडलेलं ऊन. अर्धशिशी असलेल्या बाईला मुद्दाम शिक्षा म्हणून काही शोधून काढायचं असतं तर याहून चांगलं सापडलं नसतं. लोकांच्या बांध्यांमध्ये मी दोनदा मध्येच उठून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवी झाले होते. बाया तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण गाणं म्हणताना माझ्या जागेकडं पाहून हसायच्या.

आमच्या बांधीचा दिवस उजाडला. अंगणात बाया जमल्या, पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधावर गेल्या होत्या. सासू आतून आली. तिच्या एका हातात गुळाचा खडा होता आणि दुसऱ्या तळहातावर गोळ्या. एक नाही, मूठभर. इतके दिवस जपून ठेवलेल्या, आजच्यासाठी.

"घे, सगळ्याच घे," ती म्हणाली. "आजचा दिस निभला पायजे."

मी म्हटलं, डॉक्टरनं एकच सांगितली आहे. ती म्हणाली, डॉक्टर रोवणा करतो का. अंगणातल्या बाया ऐकत होत्या. मी घेतल्या. सगळ्या नाही, अर्ध्या पदरात सोडल्या, म्हणून आज हे लिहिते आहे.

सूर्य थोडा वर आला आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. गाण्याचे शब्द लांबून येऊ लागले. शेजारची बाई ओरडून सांगत होती की मी पऱ्हे उलटे खोचते आहे, मुळं वर आणि पानं चिखलात. मला ते ऐकू येत होतं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध वाटत नव्हता. मग चिखल जवळ आला. तोंड, नाक, डोळे सगळं आत. दुखत काहीच नव्हतं, हे मात्र खरं. त्या शेजारणीनं माझा बुचडा धरून मला वर ओढलं आणि बोटानं माझ्या नाकातोंडातला गाळ काढला. मी दुसऱ्या दिवशी उठले ते घरात खाटेवर. सासू उशाशी बसून रडत होती, आणि नवरा दारात उभा राहून सांगत होता की डॉक्टरच्या गोळ्या जहर आहेत.

मी सांगून पाहिलं की गोळ्यांचा दोष नाही, द्यायला हव्या होत्या तशा दिल्याच नाहीत. नवरा म्हणाला, जिला उलटं सुलटं कळत नव्हतं तिनं बोलू नये. गावानंही तेच धरलं. डॉक्टरचं करून पाहिलं, आता आपलं करू. आपलं म्हणजे डाग.

चामोर्शीकडच्या एका खेड्यात एक म्हातारा अर्धशिशीवर डाग द्यायचा. एकदा घेतला की जन्मात पुन्हा दुखत नाही, अशी त्याची ख्याती होती. भात कापणीला येण्याआधी आम्ही खाचर, म्हणजे आमची लहान बैलगाडी, जुंपून मूल गावावरून निघालो, वैनगंगा डोंग्यानं ओलांडली, तिकडच्या नातेवाइकांकडं मुक्काम केला. मी जाणार की नाही हा प्रश्न कोणाच्या मनातच आला नव्हता. बैलाला तरी चुचकारतात.

त्या म्हाताऱ्याविषयी वाईट लिहायला मला जड जातं. शांत माणूस, काही घेत नसे, सुपारीसुद्धा नाही. त्याचा एक नेम होता. डाग हा मागून घ्यायचा असतो. दुखणेकऱ्यानं त्याच्यासमोर बसून स्वतःच्या तोंडानं 'दे' म्हणायचं, मग तो विळ्याचं टोक निखाऱ्यातून उचलायचा. न मागता दिलेला डाग नुसतं कातडं जाळतो, दुखण्याला पोचत नाही, असं त्याच्या बापानं त्याला सांगितलेलं. तान्ह्या लेकराच्या वतीनं तेवढी त्याची आई बोलायची.

त्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, "मांगतं का, पोरी?"

दवाखान्यात न विचारलेलं या माणसानं विचारलं होतं. माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. पण घसा कोरडा पडला होता, सासूनं माझं डोकं आपल्या मांडीशी धरलेलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"दे," नवरा म्हणाला. "माही बायको हाये. मी म्हनतो, दे."

म्हातारा थोडा घुटमळला. माझ्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. मग लेकराच्या वतीनं आई, तसा बायकोच्या वतीनं नवरा, असं काहीतरी त्यानं मनाशी लावून घेतलं असावं. विळा उचलला.

भाजल्याचा राग महिन्याभरात गेला. जखम चिघळली, पू झाला, खपली पडली, डाग राहिला. त्या 'दे'चा राग मात्र माझ्यासोबत म्हातारा झाला आहे. मी रांधत होते, वाढत होते, हसतही होते, आणि मध्येच कधीही, पाण्याचा हंडा उचलताना, भात उपसताना, तो शब्द कानात यायचा आणि हातातली वस्तू फेकून मारावीशी वाटायची.

पुढची गोष्ट ऐकून हसायला येतं, मला सोडून सगळ्यांना. कापणी झाली, मळणी झाली, आणि माझं डोकं पुन्हा उठलं, पण उजवीकडं. तोच चकाकणारा नागमोडी प्रकार, तीच ओकारी, फक्त बाजू दुसरी. पूर्वीही ते कधीमधी उजवीकडं यायचं, पण तेव्हा बाजू मोजत कोण बसलं होतं. घरात आनंदीआनंद. सासू विहिरीवर सांगून आली की डावी बाजू साफ बरी झाली, दुखणं पळून उजवीकडं गेलं, आता तिकडून हाकललं की गेलं. बाया पाहायला आल्या. मी उजवा डोळा दाबून कण्हत पडले होते आणि त्या माझी डावी बाजू निरखून वाहवा करत होत्या. मोहफुलं गळायच्या आत उजव्या बाजूचा डाग घेऊन यायचं ठरलं. अर्थात, त्यांचं ठरलं.

या वेळी वाटेत मी एक शब्द बोलले नाही. नवऱ्याला वाटलं, बाई शहाणी झाली. नदी उतरली होती, खाचर पाण्यातून पार गेलं. मी त्या गार पाण्याकडं पाहत एकच विचार करत होते, की म्हातारा पुन्हा विचारील आणि या वेळी माझा घसा कोरडा पडता कामा नये. नदीवरच भरपूर पाणी पिऊन घेतलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याला आनंद झाला नाही. विस्तव फुंकता फुंकता तो नवऱ्याला म्हणाला की दुखणं गेलेलं नाही, सरकलं आहे, आणि का सरकलं तेही त्याला ठाऊक आहे. "मांगच्या टायमाले हिनं मांगतलंच नाई. तूच बोलला. या बारीले हिनंच मांगलं पायजे. नाई तं मी विळा उचलत नाई."

नवरा म्हणाला, "म्हन ना, दे म्हन." सासू म्हणाली, "म्हन वं बाई, एका घडीचं काम हाये." दोघांनी माझ्याकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून त्या घरानं माझ्या तोंडून काही ऐकायची वाट पाहिली असेल तर ती त्या दिवशी.

"नाई मांगत," मी म्हटलं.

नवऱ्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मी म्हटलं, "मले गोळ्या पायजे. रोज एक. दुखो का न दुखो. अन् डबी माह्यापाशी राहीन."

नवऱ्याचा चेहरा तांबडा झाला. इतक्या लांब आलो, बैल दमवले, लोकांना काय तोंड दाखवायचं, असं तो बोलत राहिला. मग म्हाताऱ्याकडं वळून म्हणाला, ही अडाणी आहे, तुम्ही द्या, मी धरतो. म्हाताऱ्यानं विळा निखाऱ्यातून काढला आणि शेजारच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवला. चर्र आवाज झाला. तो उठून हात धुवायला गेला. त्याच्या विद्येवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण या वेळी नेमाला तो पक्का निघाला, आणि मला तेवढंच हवं होतं.

परतीच्या वाटेवर नवरा बैलांशीच बोलत होता. सासू माझ्याशेजारी बसून पदरानं डोळे पुसत होती. "तुह्यासाठीच जपून ठेवल्या होत्या वं मी," ती म्हणाली. मला ते माहीत होतं. माहीत असूनही राग कमी झाला नाही. मायेनं दिलं म्हणून चिखल नाकात कमी जात नाही.

सिंदेवाहीला मी खाचर दवाखान्यापाशी थांबवायला लावलं आणि एकटीच आत गेले. डॉक्टर तेच होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून दाराकडं पाहिलं आणि म्हणाले, "सोबत कोण आहे? त्यांना आत बोलवा."

मी म्हटलं, "ते बैलापाशी हायेत. डोकं माह्यं हाये, मले सांगा."

ते चपापले. मग त्यांचं लक्ष माझ्या कानशिलाकडं गेलं आणि त्यांनी पेन खाली ठेवला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी माझ्याकडं पाहून. मी विचारलं, सुस्ती किती येईल, वाकून काम होईल का, दिवस गेले तर काय, ऐन रोवण्यात बंद केल्या तर काय. त्यांनी एकेक सांगितलं. एक पातळ औषधही होतं म्हणाले, पण त्यानं अंगावर पुटकुळ्या उठतात. काहीच न घेणं हाही एक मार्ग होता, उठेल तेव्हा अंधारात पडून राहायचं. गोळ्यांनी पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही, कमी होईल, असं ते म्हणाले आणि मग त्यांनी विचारलं, काय देऊ. मी थोडा वेळ घेतला. सुस्ती म्हणजे सकाळी हात जड, बोलणं हळू, लोक आळशी म्हणणार. दुसऱ्या पारड्यात ते आंधळे दिवस होते. मी गोळ्या म्हटलं. मोहफुलांच्या आधी सुरू केल्या तर रोवण्यापर्यंत अंगवळणी पडतील, असा माझा हिशेब होता. त्यांनी मान हलवली.

बाहेर आले तेव्हा नवऱ्यानं सवयीनं हात पुढं केला. "आन, मायजवळ देतो." मी डबी ओच्यात खोचली आणि खाचरात चढले. तो हात तसाच धरून क्षणभर उभा राहिला, मग त्यानं कासरा उचलला.

पुढं काय झालं म्हणाल, तर डोकं कमी उठू लागलं, पूर्ण गेलं नाही. सकाळी मी मंद असायची आणि गावानं मला सुस्त ठरवलं. ती सुस्ती मी विचार करून घेतली होती, म्हणून कोणी काही म्हटलं तरी मला त्याचं काही वाटत नसे. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जेवणं झाली, मी भांडी पालथी घातली आणि तांब्या भरून घेतला. सासू अंथरूण घालत होती. डबीचा आवाज ऐकून तिनं वळून पाहिलं.

"आज दुखून राह्यलं का?" तिनं विचारलं.

"नाई," मी म्हटलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत गोळी घेतली.